वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार: पहिल्या कागदापासून अपिलापर्यंत

वकील फोन उचलत नाही, तारखेला उभा राहत नाही, मूळ कागद परत देत नाही, कोर्टात भरायला दिलेल्या पैशांची पावती दाखवत नाही. वैतागलेला पक्षकार मग विचारतो, याची सनद (वकिली करण्याचा परवाना) रद्द करता येते का? येते. पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. बार कौन्सिल म्हणजे वकिलांची नोंदणी करणारी आणि त्यांच्यावर शिस्त ठेवणारी संस्था; तिच्यापुढची तक्रार वकिलाच्या वर्तनाबद्दल असते. अशा तक्रारीने खारीज झालेला दावा पुन्हा उभा राहत नाही, बुडालेले पैसे वसूल होत नाहीत आणि अपिलाची मुदत एक दिवसही थांबत नाही. रागाच्या भरात आधी तक्रार करून नंतर दाव्याकडे बघणारे पक्षकार बरेचदा दावाही घालवतात आणि तक्रारही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी दावा, मग कागद, मग तक्रार.

आधी दावा सांभाळा

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाका. पुढची तारीख, प्रकरणाचा टप्पा आणि झालेले आदेश दिसतील. तेवढ्यावर थांबू नका. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून रोजनाम्याची प्रमाणित नक्कल मागा. कोणत्या तारखेला कोण हजर होते, मुदत कोणी मागितली, पुकारा झाल्यावर कोणीच का उभे राहिले नाही, हे सगळे रोजनाम्यात असते. ही एक नक्कल दोनदा उपयोगी पडते: आज दावा वाचवायला आणि उद्या तक्रारीला पुरावा म्हणून.

तुमच्या बाजूच्या गैरहजेरीमुळे दावा खारीज झाला असेल, तर तो पुन्हा फाइलवर घेण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत आहे. एकतर्फी हुकूमनामा (प्रतिवादी गैरहजर असताना झालेला) रद्द करून घेण्याची मुदतही ३० दिवसांचीच. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून धरतात. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हुकूमनामा कळल्याच्या दिवसापासून. मुदत उलटली असेल तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटले आहे. मात्र त्याला हुकमी एक्का समजू नका. पक्षकार स्वतः किती जागा होता, हे न्यायालये तपासतात. ‘वकिलावर सोडून दिले होते’ एवढ्यावर तीन वर्षांचा उशीर माफ होणे कठीण. तुम्ही केलेले फोन, पाठवलेले संदेश, मारलेल्या खेपा दाखवता आल्या, तर अर्जाला बळ येते.

नवा वकील नेमताना जुन्याची ‘ना हरकत’ मागितली जाते आणि इथे पुष्कळ लोक अडकतात. ना हरकत हा शिष्टाचार आहे, आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतही तो आहे. पण जुना वकील अडून बसला, तर नवा वकील कोर्टाला कारण सांगून परवानगी घेऊ शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे पक्षकार स्वतः लेखी अर्ज देऊन कोर्टाच्या परवानगीने वकीलपत्र संपवू शकतो.

कागदांचेही तसेच. ‘आधी राहिलेली फी द्या, मग फाइल न्या’ असे कानावर आले, तर २००० सालचा आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा हा निकाल आठवा. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट सांगितले. फी खरोखर बाकी असेल तर वसुलीचा मार्ग वकिलाला वेगळा मोकळा आहे. तुम्ही मात्र कोणते कागद, किती, मूळ की छायाप्रत, अशी यादी करून मागणीचे पत्र पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवा. तोंडी मागणी केल्याचे पुढे सिद्ध करता येत नाही.

गैरवर्तन कशाला म्हणायचे

वकील कायदा १९६१ च्या कलम ३५ मध्ये ‘व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन’ असे शब्द आहेत आणि त्यांची व्याख्या मुद्दामच बंदिस्त ठेवलेली नाही. रोजच्या व्यवहारात मोजमाप मिळते ते बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांच्या भाग ६, प्रकरण २ मध्ये. न्यायालय, पक्षकार, सामनेवाला आणि सहकारी वकील यांच्याशी कसे वागावे, हे तिथे क्रमांकवार दिले आहे. तक्रार लिहिण्यापूर्वी तेवढी पाने वाचाच. पक्षकाराच्या नेहमी कामी येणारे नियम हे:

नियम १२ प्रमाणे एकदा घेतलेले काम पुरेशा कारणाशिवाय आणि पुरेशी आगाऊ सूचना दिल्याशिवाय सोडता येत नाही. सोडले तर न केलेल्या कामाची फी परत करावी लागते. नियम १४ सामनेवाल्याशी असलेले संबंध आधीच उघड करायला सांगतो. नियम २० प्रमाणे निकालावर अवलंबून फी किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवता येत नाही. नुकसानभरपाईच्या प्रकरणांत ‘मिळालेल्यातले इतके टक्के’ असा सौदा सर्रास ऐकू येतो. तो नियमात बसत नाही. नियम २२ नुसार ज्या प्रकरणात वकील स्वतः काम पाहत होता, त्यातल्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत विकली जाणारी मालमत्ता तो विकत घेऊ शकत नाही. नियम २५ ते ३० पैशांच्या हिशेबाचे आहेत: पक्षकाराकडून आलेली रक्कम फीची की खर्चाची हे नोंदवायचे, पक्षकाराच्या वतीने पैसे आले तर त्याला लवकरात लवकर कळवायचे, हिशेब मागितला तर द्यायचा. नियम ३३ प्रमाणे ज्याला एकदा सल्ला दिला, त्याच प्रकरणात त्याच्या विरुद्ध बाजूने उभे राहायचे नाही.

गैरवर्तनात काय येत नाही, तेही तितकेच महत्त्वाचे. दावा हरला, हे गैरवर्तन नव्हे. उलटतपासात एक प्रश्न विचारायचा राहिला, युक्तिवाद फिका पडला, कायद्याचा लावलेला अर्थ कोर्टाला पटला नाही, यातले काहीच शिस्तभंगाच्या चौकटीत बसत नाही. नुसता निष्काळजीपणा आणि नैतिक दोष यांत सर्वोच्च न्यायालयाने १९६३ पासून फरक केला आहे. एक तारीख चुकली तर ती चूक. पण ओळीने तारखा चुकवून ‘काम नीट चालू आहे’ असे पक्षकाराला सांगत राहणे हा विश्वासघात. समितीपुढे टिकते ती दुसरी गोष्ट. त्यामुळे तक्रारीचा कणा चुकीपेक्षा लपवाछपवीवर उभा करा: खोटे काय सांगितले, केव्हा सांगितले, आणि ते खोटे असल्याचे कोणत्या कागदावरून कळते.

सामनेवाल्याच्या वकिलाविरुद्ध तक्रार करायची असेल तर दोनदा विचार करा. तो त्याच्या पक्षकाराचे काम करत असतो, तुमच्याशी त्याचे वकील-पक्षकाराचे नाते नसते. अशा तक्रारी सहसा टिकत नाहीत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे कडक शब्दांत सांगितले. प्रतिज्ञापत्रावर सही करणाऱ्याची ओळख पटवली, एवढ्यावरून त्यातल्या मजकुराची जबाबदारी वकिलावर येत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले.

सनद कुठली, ते तपासा

वकीलपत्रावर किंवा लेटरहेडवर सनद क्रमांक असतो. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या सनदेत राज्याची खूण, अनुक्रमांक आणि वर्ष असे तीन भाग दिसतात. महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव इथले वकील याच कौन्सिलच्या पटावर (नोंदणीच्या यादीत) असतात. कार्यालय मुंबईत फोर्टमध्ये, उच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत आहे. तक्रार जाते ती ज्या राज्याच्या पटावर नाव आहे तिथे. वकील पुण्यात काम करतो पण सनद कर्नाटकची आहे, तर तक्रार कर्नाटकात. थेट दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे पाठवलेली तक्रार साधारणपणे संबंधित राज्याकडेच वळवली जाते आणि तेवढे महिने फुकट जातात.

पटावर नावच सापडले नाही तर प्रकरण वेगळे. सनद नसताना वकिली करणे हा कलम ४५ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तिथे बार कौन्सिलची शिस्त लागू होत नाही, पोलिसांत जावे लागते.

तक्रारीचा मसुदा

साधे पत्र किंवा ईमेल म्हणजे तक्रार नव्हे. नियमांच्या भाग ७ प्रमाणे तक्रार अर्जाच्या स्वरूपात, सही आणि सत्यापनासह लागते. ती मराठीतून देता येते. पुढे प्रकरण दिल्लीला गेले तर भाषांतर करणे राज्य कौन्सिलचे काम आहे. त्यामुळे अर्धवट इंग्रजीत लिहिण्यापेक्षा नेमक्या मराठीत लिहा.

सुरुवातीला तुमचे नाव-पत्ता, वकिलाचे नाव, सनद क्रमांक आणि कार्यालयाचा पत्ता. मग क्रमांक घातलेले छोटे परिच्छेद, एका परिच्छेदात एकच घटना. ‘वकिलांनी माझी घोर फसवणूक केली व मला देशोधडीस लावले’ या वाक्यातून समितीच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘दि. १२ जून २०२३ रोजी कोर्ट फीसाठी मी रु. १८,००० ऑनलाइन दिले (निशाणी ३). दि. ४ ऑगस्ट २०२३ रोजी दावा दाखल झाल्याचे मला संदेशाने कळवले (निशाणी ४). दि. १० जानेवारी २०२४ रोजी कोर्टात चौकशी केली असता असा दावा दाखलच नसल्याचे समजले (निशाणी ५).’ तीन वाक्ये, तीन निशाण्या (जोडलेल्या कागदांचे क्रमांक), आणि आरोप पूर्ण.

घटना संपल्या की कोणत्या नियमाचा भंग झाला ते एका परिच्छेदात सांगा आणि शेवटी मागणी: कलम ३५ खाली प्रकरण शिस्तभंग समितीकडे पाठवावे आणि योग्य ती शिक्षा व्हावी. पैसे परत मिळण्याची मागणी लिहिली तर हरकत नाही, पण सगळा भर तिच्यावर दिला की तक्रार वसुलीच्या दाव्यासारखी दिसू लागते.

सत्यापनात लोक हमखास चुकतात. परिच्छेद क्रमांक अमुक ते अमुक माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरे, आणि अमुक ते अमुक मिळालेल्या माहितीवरून मला खरे वाटतात, अशी फोड हवी. खाली तारीख, ठिकाण, सही. ‘वरील सर्व मजकूर खरा आहे’ एवढेच लिहिले तर उलटतपासात पहिला प्रश्न यावरच येतो: अमुक तारखेला तुम्ही कोर्टात नव्हता, मग तिथे काय झाले हे तुम्हाला कसे माहीत?

सोबत जोडायचे कागद: वकीलपत्राची प्रत, पैसे दिल्याचा बँकेचा उतारा, रोजनाम्याची आणि आदेशाची प्रमाणित नक्कल, तुमची मागणीची पत्रे आणि त्यांच्या पोचपावत्या. रोख दिलेल्या फीची पावती नसेल तर त्या दिवशी बँकेतून काढलेल्या रकमेची नोंद, सोबत असलेल्या माणसाचे प्रतिज्ञापत्र, किंवा वकिलाच्याच संदेशातला ‘मिळाले’ हा शब्द, असे काही तरी शोधा. व्हॉट्सॲपच्या संदेशांची नुसती छापील चित्रे पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. मूळ फोन जपा, संभाषण पुसू नका, आणि मधले गैरसोयीचे संदेश वगळून छापू नका. वकिलाकडे त्याच संभाषणाची दुसरी प्रत असतेच, आणि गाळलेली एक ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

फी किती आणि प्रतींचे संच किती, हे कौन्सिलच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. फी न भरल्यास किंवा त्रुटी राहिल्यास सचिव ती दूर करायला कळवतात; त्या पत्राला मुदतीत उत्तर दिले नाही तर तक्रार तिथेच रुतते. शक्य असेल तर समक्ष जाऊन द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. पुढची एक वर्षाची मोजणी त्या तारखेवर टेकलेली असते.

दाखल झाल्यावर

कौन्सिल वकिलाचे म्हणणे मागवू शकते, तुमच्याकडून जादा तपशील मागू शकते. मग प्रथमदर्शनी तथ्य वाटते का, हे ठरते. तथ्य वाटले नाही तर तक्रार समितीकडे न जाता निकाली निघते. त्याविरुद्ध कलम ४८-अ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे पुनरीक्षण (त्या निर्णयाची फेरतपासणी) मागता येते. बऱ्याच तक्रारदारांना हा रस्ता ठाऊकच नसतो.

तथ्य दिसले तर प्रकरण शिस्तभंग समितीकडे जाते. समिती तिघांची: दोन कौन्सिलचे सदस्य, एक बाहेरून घेतलेला अनुभवी वकील. ‘वकीलच वकिलांचा न्याय करणार’ ही शंका स्वाभाविक आहे. मात्र समितीला साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेणे असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत आणि तिच्या आदेशावरचे शेवटचे अपील सर्वोच्च न्यायालयात जाते. त्यामुळे कागद भक्कम असेल तर तो दाबून टाकणे सोपे नसते.

इथे तुम्ही साक्षीदार आहात, हे विसरू नका. तुमचा सरतपास होईल, उलटतपास होईल. सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर आहे आणि माणसाच्या रोजीरोटीचा प्रश्न असल्याने समिती नुसत्या संशयावर जात नाही. स्वतः चालवू शकता किंवा वकील देऊ शकता. प्रत्येक तारखेला हजर राहा. बजावणी होऊनही कोणी आले नाही तर समिती एकतर्फी पुढे जाऊ शकते, आणि पुराव्याला तक्रारदारच आला नाही तर तक्रारीत काय उरणार?

तडजोडीबद्दल मुद्दाम सांगायला हवे. नोटीस गेल्यावर बरेचदा वकिलाकडून निरोप येतो: पैसे घ्या, तक्रार मागे घ्या. पैसे घेणे गुन्हा नाही. पण तक्रार मागे घेतली किंवा मिटली, एवढ्याच कारणाने चौकशी थांबवू नये, असे नियमांत म्हटले आहे. कारण साधे आहे: प्रश्न फक्त तुमच्या पैशांचा नसतो, त्या वकिलाच्या दारात उद्या येणाऱ्या पक्षकाराचाही असतो. तेव्हा तडजोड करायची तर लेखी करा, रक्कम बँकेतून घ्या आणि ‘आरोप खोटे होते’ अशा मजकुरावर सही करू नका. आरोप खरे असताना तशी सही केली, तर खोटी तक्रार केल्याचा कागद तुम्ही स्वतःच्या हाताने तयार केलेला असतो.

एका वर्षात राज्य समितीने निकाल दिला नाही तर कलम ३६-ब प्रमाणे प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. ते आपोआप घडेल अशी वाट बघत बसू नका. वर्ष उलटताच दोन्हीकडे लेखी कळवा.

निकाल चार प्रकारचे: तक्रार फेटाळणे, ताकीद, ठरावीक काळासाठी निलंबन, आणि पटावरून नाव काढणे. निलंबन म्हणजे भारतातल्या कोणत्याही कोर्टात किंवा प्राधिकरणापुढे त्या काळात वकिली बंद. खर्चाचा आदेशही होऊ शकतो. आदेश पटला नाही तर तो कळवल्यापासून ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, आणि तिथल्या आदेशाविरुद्ध पुन्हा ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील. अपील केले म्हणून शिक्षा आपोआप स्थगित होत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

पैशांसाठी वेगळी वाट

ग्राहक आयोगाचे दार आता बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी ठरवले. इंटरनेटवर त्याआधीचे सल्ले अजून फिरतात. त्यांवर जाऊ नका. दिवाणी दावा करता येतो. विश्वासाने दिलेली रक्कम हडपली असेल, बनावट आदेश दाखवला असेल, तर भारतीय न्याय संहितेखाली फौजदारी फिर्यादही करता येते. या वाटा बार कौन्सिलच्या तक्रारीबरोबर चालू शकतात, फक्त तिन्ही ठिकाणची हकिकत, तारखा आणि रकमा अक्षरशः जुळल्या पाहिजेत.

राग न्यायाधीशावर असेल तर

बार कौन्सिलचा न्यायाधीशांशी संबंध नाही. आदेश चुकीचा वाटतो तर अपील किंवा पुनरीक्षण हाच उपाय. चुकीचा आदेश म्हणजे गैरवर्तन असे धरले तर कोणीही निर्भयपणे निकाल देऊ शकणार नाही. पक्षपाताची खरी भीती असेल तर प्रकरण दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज असतो, दिवाणी प्रकरणात संहितेच्या कलम २४ खाली. तो निकाल लागण्याआधी करायचा. हरल्यावर आठवलेला पक्षपात कोणाला पटत नाही.

लाच, पक्षकाराशी खासगी भेटीगाठी, नातेवाइकाचे प्रकरण स्वतः चालवणे असे खरे गैरवर्तन असेल, तर जिल्हा आणि तालुका न्यायाधीशांबाबतची तक्रार उच्च न्यायालयाकडे जाते. घटनेच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे त्यांच्यावर नियंत्रण उच्च न्यायालयाचे आहे. निनावी किंवा बिनपुराव्याची तक्रार तिथे चालत नाही. शपथेवरचे प्रतिज्ञापत्र आणि पडताळता येईल असा पुरावा जोडावा लागतो. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसाठी १९९७ साली स्वीकारलेली आचरणमूल्ये आणि १९९९ ची अंतर्गत चौकशीपद्धत आहे. तक्रार त्या उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे किंवा भारताच्या सरन्यायाधीशांकडे करतात. पदावरून दूर करणे मात्र संसदेच्याच हाती, आणि त्या प्रस्तावाला लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या लागतात.

अशी तक्रार योग्य अधिकाऱ्याकडे बंद पाकिटात द्या. तीच समाजमाध्यमांवर टाकली, कोर्टाच्या आवारात वाटली, तर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई तुमच्यावर येऊ शकते आणि मूळ तक्रार बाजूला पडते.